किरणांकडून काय मागावं? मऊ ऊतींच्या सार्कोमाचा धडा



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य तालुक्याच्या गावी सर्जन म्हणून काढलं. अपेंडिक्स, हर्निया, शेतात झालेल्या जखमा, पाठीवरच्या चरबीच्या गाठी, जे समोर येईल ते त्यांनी केलं. मी आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो मोठ्या शहरांतल्या मोठ्या यंत्रांचा विषय वाटेल. पण तो पहिल्यांदा हाताला लागतो तो अशाच डॉक्टरांच्या, आणि त्याचं पुढे काय होणार हेही पुष्कळदा त्याच टेबलावर ठरतं. म्हणून हा विषय या व्यासपीठावर मांडावासा वाटला.

आजाराचं नाव मऊ ऊतींचा सार्कोमा. स्तन, आतडं, फुफ्फुस, तोंड यांचे जे कर्करोग आपल्या कानांवर पडतात ते अवयवांच्या अस्तरातून उगवतात. सार्कोमा उगवतो शरीराच्या आधाराच्या ऊतींतून: स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणं, स्नायूंना बांधून ठेवणारे पडदे. शरीराचा एवढा मोठा भाग या ऊतींनी बनलेला असूनही प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सार्कोमाचा वाटा जेमतेम १ टक्का. त्यातही त्याचे ७० हून अधिक प्रकार. निम्म्याहून अधिक गाठी हातापायांत होतात आणि त्यांतही मांडीत सर्वाधिक. गाठ सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. कधी काळी लागलेला मार आठवतो, त्याचाच हा गोळा असेल असं घरचे म्हणतात, आणि सहा महिने, वर्ष निघून जातं.

निदान झालं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: ‘‘डॉक्टर, किती टक्के चान्स आहे?’’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. टक्के कशाचे? गाठ त्याच जागी पुन्हा न येण्याचे? पाय शाबूत राहून चालता येण्याचे? की जगण्याचे? हे तीन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरं वेगळी आहेत, आणि किरणोपचार तिन्हींना सारखं उत्तर देत नाहीत. पहिल्या प्रश्नाला ते ठामपणे ‘हो’ म्हणतात. दुसऱ्याला ‘हो, पण किंमत मोजून’ म्हणतात. तिसऱ्यापुढे ते बहुतांशी गप्प राहतात. आज मला हेच सांगायचं आहे: किरणांकडून जे मिळू शकतं ते नेमकं मागावं, आणि ते मिळावं म्हणून पहिला छेद घेण्याआधीच विचार करावा.

थोडं मागे जाऊ. सार्कोमावर किरण चालत नाहीत, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की होती. त्यात आजाराचा दोष होता तितकाच यंत्रांचाही होता. त्या वेळच्या क्ष-किरण यंत्रांतून निघणाऱ्या किरणांची शक्ती कमी. खोल मांडीतल्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोचायच्या आतच वरची कातडी भाजून निघायची. मात्रा वाढवता येईना, गाठ विरघळेना, आणि निष्कर्ष निघाला की सार्कोमा किरणांना दाद देत नाही. लंडनचे शल्यविशारद स्टॅनफर्ड केड यांनी १९५१ मध्येच शस्त्रक्रियेला किरणांची जोड दिली तर फळ मिळतं, असं मांडलं होतं. पण रूढ वाट वेगळीच होती. नुसती गाठ काढली तर ती फार मोठ्या प्रमाणात परत यायची, म्हणून मोठे सर्जन वरच्या सांध्यापासून हात किंवा पायच काढून टाकत. १९७० च्या दशकापर्यंत हातापायांच्या सार्कोमात जवळपास निम्म्या रुग्णांच्या वाट्याला हेच येई.

टेलिकोबाल्ट आणि लिनियर अ‍ॅक्सिलरेटर ही जास्त शक्तीची किरणयंत्रं आली तसं चित्र बदललं. आता किरण कातडीला फारसं न भाजता खोलवर जाऊ लागले. टेक्ससमधल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात हर्मन सूट, रॉबर्ट लिंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून अवयव राखून गाठ काढायची आणि मग किरण द्यायचे, अशी पद्धत चालवली. १९८१ मध्ये लिंडबर्ग यांनी अशा ३०० रुग्णांचा ताळेबंद मांडला. सुमारे २२ टक्के रुग्णांत गाठ त्याच जागी परत आली होती. म्हणजे चारांतल्या तिघांहून अधिक जणांत आली नव्हती, आणि तेही अवयव न कापता.

तरी शंका उरतेच. निवडक रुग्णांचे निकाल चांगले दिसतात, कारण निवडच चांगली असते. शंका फेडायची तर चिठ्ठ्या टाकायला हव्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, बेथेस्डा इथे, स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ पासून तेच केलं. हातापायांत जहाल सार्कोमा असलेल्या ४३ रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत वाटलं. २७ जणांची गाठ अवयव राखून काढली आणि नंतर किरण दिले. १६ जणांचा अवयव कापला. केमोथेरपी दोन्ही गटांना. क्षणभर थांबून या प्रयोगाकडे पाहा. आपला पाय राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडायला ४३ माणसं तयार झाली. पुढच्या पिढ्यांचे हजारो हातपाय त्यांच्या त्या होकारावर उभे आहेत.

निकाल १९८२ मध्ये छापून आला. अवयव राखलेल्या २७ पैकी चौघांना गाठ त्याच जागी परत आली. कापलेल्या १६ पैकी कुणालाच नाही. पण पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण अवयव राखलेल्यांत ८३ टक्के आणि कापलेल्यांत ८८ टक्के होतं, आणि एवढ्या छोट्या संख्येत हा फरक योगायोगाहून वेगळा काढता येत नव्हता. थोडक्यात, पाय देऊन आयुष्य विकत मिळत नव्हतं. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद भरवून अवयव राखण्याच्या बाजूने कौल दिला. आज अनुभवी केंद्रांत हात किंवा पाय कापण्याची वेळ शंभरात मोजक्याच रुग्णांवर येते.

पण या प्रयोगात एक गोम होती. पाय वाचवला तो किरणांनी की चांगल्या शस्त्रक्रियेने? त्याच कर्करोग संस्थेने पुढचा प्रयोग लावला आणि १९९८ मध्ये त्याचे निकाल आले. या वेळी अवयव सर्वांचाच राखला. चिठ्ठी पडली ती फक्त किरणांची. जहाल सार्कोमाचे ९१ रुग्ण होते. किरण मिळालेल्या ४७ जणांत गाठ त्याच जागी कुणालाच परत आली नाही. न मिळालेल्यांत दहा वर्षांच्या हिशेबाने सुमारे २२ टक्के जणांना आली. पहिल्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर वैद्यकात क्वचितच मिळतं.

आणि तिसऱ्या प्रश्नाला? जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. पुढे वीस वर्षांपर्यंत या रुग्णांचा पाठपुरावा झाला, तरी तो फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. मोठ्या नोंदवह्यांवर आधारलेल्या काही अभ्यासांत, जहाल गाठ असलेल्यांना किरणांनी थोडं आयुष्यही मिळतं असं दिसतं. पण तिथे किरण कुणाला द्यायचे हे चिठ्ठीने नव्हे, डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, म्हणून त्यावर मी फार भार टाकणार नाही.

असं का व्हावं, हे समजलं तर पुढची निराशा टळते. सार्कोमाने माणूस जातो तो बहुधा मांडीतल्या गाठीने नाही, फुफ्फुसात पोचलेल्या पेशींनी. या पेशी निदानाच्या दिवशीच रक्तातून निघून गेलेल्या असू शकतात. गाठ किती मोठी, किती खोल आणि सूक्ष्मदर्शकाखाली किती जहाल, यांवर त्या गेल्या असण्याची शक्यता ठरते. मांडीवर दिलेले किरण मांडीतच काम करतात. फुफ्फुसाचा बंदोबस्त त्यांच्याकडून होणार नाही. मांडीत गाठ परत आली तरी ती पुन्हा काढता येते, म्हणूनही त्या परतण्याचं प्रतिबिंब आयुष्याच्या आकड्यांत फारसं पडत नाही. पण पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा जखम, आणि या वेळी कदाचित खरोखरच पाय जाणं, हे सगळं जगण्याच्या टक्केवारीत दिसत नसलं तरी माणसाच्या जगण्यात दिसतं.

मग सर्जनने नीट काढली असताना गाठ परत का येते? वाढताना सार्कोमा शेजारच्या ऊतींना दाबत जातो आणि त्या दबलेल्या ऊतींचं एक खोटं कवच त्याच्याभोवती तयार होतं. ते दिसतं गुळगुळीत, सर्जनचं बोट त्याच्याभोवती सहज फिरतं, आणि शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ अखंड बाहेर येते. पण हे कवच गाठीचंच असतं. त्यात आणि त्याच्या पलीकडे कर्करोगाच्या पेशी पसरलेल्या असतात. म्हणून सर्जनला निरोगी ऊतींचा एक थर गाठीसकट काढावा लागतो. जिथे मोठी रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू शेजारी आहे तिथे हा थर पातळ राहतो, आणि तिथेच किरणांचं काम सुरू होतं. किरण पेशीच्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी हे तुटलेलं पुष्कळसं दुरुस्त करतात, कर्करोगाच्या पेशी तितक्या नीट करू शकत नाहीत. मात्रा रोज थोडी थोडी देतात ती याच फरकाचा फायदा घेण्यासाठी. रूढ पद्धतीत दिवसाला २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), आठवड्यातून पाच दिवस.

इथून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण पाय राहणं आणि पाय चालणं यांत अंतर आहे. हे अंतर ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे क्रम: किरण आधी की शस्त्रक्रिया आधी?

कॅनडात १९९४ ते १९९७ दरम्यान ब्रायन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न १९० रुग्णांवर तपासला. एका गटाला शस्त्रक्रियेआधी ५० ग्रे, २५ सिटिंगमध्ये. दुसऱ्याला शस्त्रक्रियेनंतर ६६ ग्रे, ३३ सिटिंगमध्ये. गाठ परत न येण्याच्या बाबतीत दोन्ही सारखे. पण जखमेच्या मोठ्या तक्रारी आधी किरण घेतलेल्यांत ३५ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत १७ टक्के, म्हणजे दुप्पट. या तक्रारी जवळजवळ सगळ्या पायांच्या होत्या, हातांच्या अगदी थोड्या.

एवढंच वाचून थांबलो तर निर्णय सोपा वाटतो: शस्त्रक्रिया आधी, किरण नंतर. पण त्याच रुग्णांना दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा बाजू पालटलेली दिसली. किरणांमुळे मांस घट्ट, लाकडासारखं होणं म्हणजे फायब्रोसिस. तो नंतर किरण घेतलेल्यांत ४८ टक्क्यांना आणि आधी घेतलेल्यांत ३१ टक्क्यांना होता. पायाची सूज आणि सांध्याचा आखडलेपणा यांचाही कल तोच. रुग्ण थोडे असल्यामुळे हा फरक सांख्यिकीच्या रेषेच्या थोडा अलीकडे थांबला हे खरं. पण ज्यांना फायब्रोसिस झाला त्यांचे हातपाय कमी चालत होते, यात शंका नव्हती.

याचं कारण सरळ आहे. शस्त्रक्रियेनंतर किरण द्यायचे तर सर्जनचा हात जिथे जिथे फिरला तो सगळा भाग, जखमेचा व्रण आणि निचऱ्याची नळी काढलेली जागासुद्धा, किरणांच्या कक्षेत घ्यावी लागते. क्षेत्र मोठं होतं. शिवाय शस्त्रक्रियेने त्या जागेचा रक्तपुरवठा आणि प्राणवायू कमी झालेला असतो. प्राणवायू कमी असेल तर किरणांचा परिणाम घटतो, हे ज्यांनी १९५० च्या दशकात नेटकेपणे दाखवलं त्या लुई हॅरल्ड ग्रे यांचंच नाव पुढे मात्रेच्या एककाला मिळालं. म्हणून नंतरची मात्राही जास्त लागते. हाडही हा भार सोसतं. टोरांटोच्या ३६४ रुग्णांच्या एका अभ्यासात किरणांनंतर झालेल्या २७ अस्थिभंगांपैकी २४ हे ६० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्यांत होते. मांडीचं हाड असं मोडलं तर ते जुळता जुळत नाही.

तेव्हा निवड अशी आहे: आधी किरण घेतले तर पहिले चार महिने जखमेचा धोका जास्त, पण तो बहुधा बरा होणारा. नंतर घेतले तर जखम लवकर भरेल, पण दहा वर्षांनी मांडी घालून जेवायला बसता येईल का, हा प्रश्न उरेल. चाळिशीतल्या माणसाला मी पहिला पर्याय सुचवेन. मधुमेह असलेल्या, धूम्रपान न सुटलेल्या, पाऊणशे वयाच्या माणसाला कदाचित दुसरा. आपल्याकडे शौचाला उकिडवं बसणं, जमिनीवर बसून भाजी निवडणं, शेतात वाकून काम करणं, हे सगळं गुडघा आणि खुब्याच्या सांध्यावर अवलंबून असतं. पाश्चात्त्य प्रश्नावलीत खुर्चीतून उठता येतं का, असं विचारतात. आपण जमिनीवरून उठता येतं का, हे विचारायला हवं.

यंत्रं सुधारली तसा हा व्यवहारही थोडा सुकर झाला. आता रोज उपचाराआधी प्रतिमा घेऊन गाठीची जागा तपासता येते आणि म्हणून किरणांचं क्षेत्र आखूड ठेवता येतं. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच पद्धतीने दूरगामी त्रास दोन वर्षांनी १०.५ टक्क्यांवर आलेला दिसला. कॅनडाच्या जुन्या अभ्यासात तो ३७ टक्के होता. त्यातलं एक तत्त्व मात्र जुनंच आहे: पायाच्या सगळ्या घेरावर किरण द्यायचे नाहीत. कातडीची एक उभी पट्टी कायम सोडायची, म्हणजे लसिकेचा प्रवाह वाहता राहतो आणि पायाला हत्तीपायासारखी सूज येत नाही.

आतापर्यंत मी हातापायांबद्दल बोललो. याच आजाराच्या दोन शाखा अशा आहेत की तिथे आपली गृहीतकं उलटी पडतात.

पहिली शाखा पोटाच्या मागच्या पोकळीतल्या सार्कोमाची. इथे गाठ कलिंगडाएवढी होईपर्यंत कळत नाही, आणि इथे माणूस जातो तो पुष्कळदा त्याच जागी परत येणाऱ्या गाठीनेच. मग जागेवरची गाठ रोखणारे किरण इथे तर आयुष्य वाढवतीलच, असं कुणालाही वाटेल. युरोपीय संशोधन संघटनेने १३ देशांत २६६ रुग्णांवर हे तपासलं. ‘स्ट्रॅस’ नावाच्या या प्रयोगाचे निकाल २०२० मध्ये आले. शस्त्रक्रियेआधी ५०.४ ग्रे घेतलेल्यांचा पोटात आजार न परतण्याचा मध्यकाळ ४.५ वर्षं, किरण न घेतलेल्यांचा ५ वर्षं. फायदा नाही. आतडी, मूत्रपिंड, यकृत शेजारी असताना मोठ्या पसाऱ्याला पुरेशी मात्रा देणं कठीण, आणि गाठ परत येते ती पुष्कळदा दिलेल्या क्षेत्राच्या बाहेरही. पुढच्या विश्लेषणांत चरबीच्या सार्कोमाच्या काही मवाळ प्रकारांना फायदा असू शकेल असं सुचवलं गेलं आहे, पण सरसकट किरण देण्याचा आधार आता उरलेला नाही.

दुसरी शाखा याच्या अगदी उलट. मिक्सॉइड लायपोसार्कोमा हा चरबीच्या सार्कोमाचा एक प्रकार आहे, बहुधा मांडीत होणारा, तरुण वयातला. तो किरणांना विलक्षण दाद देतो. मग ५० ग्रे कशाला? नेदरलँड्समधल्या रिक हास यांच्या पुढाकाराने झालेल्या ‘डोरेमी’ या अभ्यासात मात्रा ३६ ग्रे, १८ सिटिंगपर्यंत उतरवली. ७९ रुग्णांचे निकाल २०२१ मध्ये आले. काढलेल्या गाठींपैकी ९१ टक्क्यांत किरणांचा भरपूर परिणाम दिसला, त्या काळात गाठ त्याच जागी कुणालाही परत आली नाही, आणि जखमेच्या मोठ्या तक्रारी १७ टक्क्यांवर आल्या. तीच यंत्रं, त्याच जातीचा आजार. पण प्रकार बदलला की मात्रा एक चतुर्थांशाहून अधिक कमी करता आली. म्हणून तुकड्याच्या अहवालात नुसतं ‘सार्कोमा’ लिहिलेलं असेल तर तो अहवाल अपुरा समजावा. प्रकार कोणता, श्रेणी कोणती, हे कळल्याशिवाय किरणांचा हिशेब मांडता येत नाही. लहान, वरवरची, मवाळ गाठ चांगल्या निरोगी थरासकट निघाली असेल तर किरण न देणं हाच योग्य उपचार असतो, हेही त्याच अहवालावरून ठरतं.

तिसऱ्या प्रश्नापुढे किरण गप्प राहतात, असं मी म्हणालो. अलीकडे तिथे एक नवी हालचाल आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगात, मोठ्या जहाल सार्कोमाच्या दोन प्रकारांत किरणांना पेंब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची जोड दिली. दोन वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ५२ वरून ६७ टक्क्यांवर गेलं. हा जादा फायदा औषधाने एकट्याने दिला की किरणांच्या साथीने, हे वेगळं काढणं कठीण. आणि औषधाची किंमत आपल्या घरांना पेलणारी नाही. पण मांडीवर दिलेले किरण औषधाच्या साथीने शरीरभरच्या लढाईत उतरू शकतात का, हा प्रश्न आता खुळचट राहिलेला नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. परळचं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. किरणोपचार आणि अणुऊर्जा यांची ही सोयरीक आपल्याला पुष्कळ काही देऊन गेली. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं ‘भाभाट्रॉन’ हे टेलिकोबाल्ट यंत्र त्यातलंच. टाटाच्याच खारघरच्या केंद्रात आता प्रोटॉनचीही सोय आहे. सार्कोमाच्या बाबतीत टाटाचं एक काम मला विशेष वाटतं: अंतर्गत किरणोपचार, म्हणजे ब्रॅकिथेरपी. शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीच्या रिकाम्या जागेत बारीक नळ्या मांडायच्या आणि काही दिवसांनी त्यांतून किरणोत्सर्गी इरिडियम आत सोडायचं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने १६४ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून दाखवलं होतं की जहाल गाठींत याने गाठ रोखण्याचं पाच वर्षांचं प्रमाण ६६ वरून ८९ टक्क्यांवर जातं. टाटामधल्या डॉ. सिद्धार्थ लास्कर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा १५५ भारतीय रुग्णांचा दीर्घकाळचा अनुभव मांडला. आपल्याकडे या पद्धतीचं मोल निराळं आहे: उपचार आठवडाभरात उरकतो.

कारण आपल्याकडे पाच आठवड्यांचा उपचार म्हणजे पाच आठवड्यांचा मुक्काम. किरण देण्याला रोज काही मिनिटं लागतात. उरलेला दिवस कुठे काढायचा? परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे जागा मिळाली तर ठीक. सोबतीला एक माणूस, म्हणजे घरच्या दोघांची मजुरी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किरणांचा खर्च निघतो, पण बुडलेली मजुरी निघत नाही. उपचार अर्ध्यावर सुटतो तो पुष्कळदा इथे, आणि अर्ध्या उपचाराचं फलित कुठल्याच प्रयोगात नोंदलेलं नसतं.

म्हणून कमी दिवसांत, रोज जास्त मात्रा देण्याचे प्रयोग मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटतात. एम. डी. अँडरसनमध्ये १२० रुग्णांना ४२.७५ ग्रे १५ सिटिंगमध्ये, म्हणजे तीन आठवड्यांत दिले. २०२२ मध्ये आलेल्या निकालात जखमेच्या मोठ्या तक्रारी ३१ टक्के होत्या, म्हणजे जुन्या पाच आठवड्यांच्या पद्धतीइतक्याच. पाच दिवसांत ३० ग्रे देण्याचेही अभ्यास झाले आहेत. दहा वर्षांनंतर हे पाय कसे चालतील ते काळ सांगेल. पण शहरात राहायची सोय नसलेल्या माणसासाठी तीन आठवड्यांचा पुरा केलेला उपचार हा पाच आठवड्यांच्या सोडलेल्या उपचारापेक्षा केव्हाही चांगला.

शेवटी ज्या टेबलावरून मी सुरुवात केली तिथल्या डॉक्टरांशी आणि तुमच्याशी थोडं थेट बोलतो. वर सांगितलेले सगळे चांगले निकाल एका अटीवर मिळाले आहेत: गाठीला हात लावण्याआधी तिची ओळख पटलेली होती. चरबीची साधी गाठ समजून सार्कोमा काढला गेला, आणि आठवड्याने अहवाल हातात पडला, तर आधी किरण देण्याचा रस्ता बंद होतो. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि त्यात मागे राहिलेला रोग सापडण्याचं प्रमाण निरनिराळ्या केंद्रांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून वरपर्यंत आहे. छेद आडवा घेतला असेल तर तो सगळा आडवा पट्टा काढावा लागतो आणि किरणांचं क्षेत्रही तेवढंच रुंद होतं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, पाय चालेल का, हे किरणांच्या खोलीत येण्याआधीच बिघडलेलं असतं. आमची कितीही अद्ययावत यंत्रं ते पुरतं दुरुस्त करू शकत नाहीत.

ही चूक टाळायला मोठं यंत्र लागत नाही. गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल, वाढत असेल, कातडीखाली न सरकता खोल स्नायूत रुतलेली वाटत असेल, किंवा एकदा काढूनही परत आली असेल, तर ती सार्कोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत सार्कोमा धरावी. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा, आणि ती सुईसुद्धा अशा जागी की पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेत तिचा मार्ग काढून टाकता येईल. त्यानंतर सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून क्रम ठरवावा. तालुक्याच्या डॉक्टरने अशी गाठ स्वतः न काढता पुढे पाठवली, तर त्यात त्याचा कमीपणा नाही. त्या रुग्णाच्या उपचारातला सर्वांत मोलाचा निर्णय त्याने घेतलेला असतो.

आणि तुम्ही कधी एखाद्या नातलगासोबत आमच्यासारख्यांसमोर बसलात तर ‘‘किती टक्के चान्स?’’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. गाठ इथे परत येईल का? हा पाय जमिनीवरून उठायला उपयोगी पडेल का? फुफ्फुसाची शक्यता किती, आणि तिच्यासाठी तपासण्या किती महिन्यांनी? ज्या डॉक्टरला या तिघांची वेगळी उत्तरं देता येतात, त्याच्या हाती किरण सुरक्षित आहेत.